घरचा आवाज वजा करून

१

पाकीट बुधवारी आलं. रजिस्टर पोस्टानं आलं म्हणून सही करावी लागली, आणि ती कुंडलिकनं अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटवर कागद टेकवून केली. पुढं ही गोष्ट आठवली की त्याला स्वतःचीच लाज वाटायची.

पाकिटावर नाव त्याच्या लेकीचं, तेजस्विनीचं होतं. ती आतून हात पुसत आली, तिनं उभ्याउभ्याच पाकीट फोडलं, आतला एकुलता एक कागद वाचला आणि ओट्यावर बसली. कुंडलिकनं कागद तिच्या हातातून घेतला.

छापील यादी होती. बारा मे, जुन्नर, वकीलबाईंचं ऑफिस, दहा चाळीस ते अकरा पस्तीस. पंधरा मे, नारायणगाव, हाडांचा दवाखाना. अठरा मे, जुन्नर, समुपदेशन केंद्राच्या बाहेर सत्तेचाळीस मिनिटं गाडीतच बसून, एसी चालू. तेवीस मे, पिंपरी पेंढार, नऊ दहा ते बारा पन्नास. एकोणतीस मे, पुन्हा वकीलबाई. आणि सगळ्याच्या खाली, हातानं लिहिलेली एक ओळ: कुठंही जा, मला कळतं. काळजी घे.

अक्षर ऋषीचं होतं. ऋषी म्हणजे तेजस्विनीचा नवरा. चाकणला चांगल्या पगारावर, बोलायला साखर. फेब्रुवारीत तेजस्विनी डाव्या मनगटाला प्लास्टर घालून खोडदला माहेरी आली, तेव्हा सुद्धा ह्यानं फोन करून विचारलं होतं, मामा, पोचली का नीट? ती चाकणच्या ज्या शाळेत शिकवायची, तिथं हा आठ दिवस फाटकाशी उभा राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्या पालकांशी हसून बोलला. काय बोलला कोण जाणे, पण नवव्या दिवशी शाळेनंच तिला हात जोडले.

आता पंधरा जूनला ती दुसऱ्या एका शाळेत रुजू होणार होती. शाळेची राहायची सोयही होती. ती शाळा कुठं आहे हे तिनं आईबापालाही सांगितलं नव्हतं. आणि ही यादी अशीच वाढत राहिली तर सोळा जूनला त्या शाळेच्या फाटकाशी कोण उभं असणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"आठ दिवसांत हुडकतो," कुंडलिक म्हणाला. "ह्येला कोन सांगतंय, कशातनं सांगतंय, समदं हुडकतो."

हे बोलायचा त्याला हक्क होता. खोडदच्या रेडिओ-दुर्बिणीवर त्यानं एकतीस वर्षं हेच केलं. त्या मोठमोठ्या तबकड्या आकाशातला इतका बारीक आवाज ऐकतात की गावात कुणाच्या मोटारीच्या स्टार्टरनं ठिणगी टाकली तरी त्यांचे कान बधिर व्हायचे. मग कुंडलिक जीपवर अँटेना घेऊन निघायचा, आणि कुणाचा टीव्ही बूस्टर, कुणाचं वेल्डिंग, बरोबर त्या घराच्या दारात जाऊन उभा राहायचा. अख्ख्या पंचक्रोशीत त्याच्यापासून कुठलंच यंत्र लपून राहिलं नव्हतं.

"आबा," तेजस्विनी म्हणाली, "त्यातलं एक खोटं आहे."

पण कुंडलिक तोवर माळ्यावरचा जुना रिसीव्हर काढायला उठला होता. त्यानं ऐकलं. लक्ष मात्र दिलं नाही.

२

आधी फोन. पण फोन तिनं एप्रिलमध्येच बदलला होता, नंबरासकट. शिवाय एकोणतीस तारखेला तो घरीच चार्जिंगला विसरून राहिला होता, आणि तिच्या आईला, प्रयागबाईला, तो सारखा वाजताना उचलावा की नाही हे कळेना म्हणून तिनं त्याच्यावर उशी ठेवली होती. तरी त्या दिवसाची नोंद यादीत होती. म्हणजे फोन सुटला.

मग गाडी. हात धुऊन कुंडलिक तिच्या मागं लागला. चाकांच्या वरचे खळगे, स्टेपनी, सीटखाली, बंपरच्या आत, सगळीकडं बोटं घालून पाहिलं. असल्या कामासाठी लोक काडेपेटीएवढी चुंबकाची डबी चिकटवतात, हे त्याला ठाऊक होतं. डबी नव्हती. मग कुठलं यंत्र सिग्नल सोडतंय ते ऐकायला रिसीव्हर लावला. हा त्यानं निवृत्त होताना भंगाराच्या लिलावात घेतला होता, आणि प्रयागबाईनं त्यावरून त्याला पुष्कळ ऐकवलं होतं.

कामाची पद्धत ठरलेली होती. मोजायला बसायच्या आधी आपल्याच जीपचा, आपल्याच यंत्राचा आवाज किती ते बघून घ्यायचं आणि तो कागदावरून खोडायचा. घरचा आवाज वजा केल्याशिवाय परका आवाज कळत नाही. नव्या पोरांना तो पहिल्या दिवशी हेच शिकवायचा.

थोड्या वेळानं डॅशबोर्डच्या आतून काहीतरी बोललं. क्षणभर, आणि गप्प. पुन्हा काही वेळानं तसंच. कुंडलिकनं रिसीव्हरचा आवाज वाढवला. त्यानं गाडीचं पुस्तक काढून चष्म्यातून पान न पान वाचलं, आणि निराश झाला. ते गाडीचंच होतं. कंपनीनं गाडीत बसवलेलं सिम. आपण कुठं आहोत, पेट्रोल किती, दार उघडं आहे का, हे ते कंपनीला कळवत असतं, म्हणजे अपघात झाला तर मदत येते.

घरचा आवाज. कुंडलिकनं त्याच्यावर काट मारली.

बाकी गाडी मुकी होती. मग राहिला माणूस. एसी चालू होता हे ज्याला कळलं, तो गाडीच्या काचेला नाक लावण्याइतका जवळ असणार. पाळतीवर ठेवलेला कुणीतरी. पण पाळतीवरच्या माणसाला ती घरातून कधी निघते हे तरी कुणी सांगायला हवं.

रिसीव्हर उचलून तो ओट्यावर आला आणि थांबला. दाराच्या चौकटीवर बसवलेला छोटा कॅमेरा त्याच्याकडंच बघत होता.

३

कॅमेरा बसवला होता अंकितनं. जुन्नरच्या बाजारपेठेत सुभाषचंदचं दुकान तीन पिढ्यांचं. आजोबांनी कंदील विकले, सुभाषचंदनं पंखे, आणि आता मुलगा अंकित कॅमेरे, आवाजावर लागणारे दिवे, बोलणारे डबे विकतो. घराणं मारवाडातलं, पण गिऱ्हाइकाशी भांडताना मराठी असं की गिऱ्हाईक हरतं.

"बसा कुंडलिकभाऊ," सुभाषचंद गादीवरून म्हणाला. "चहा सांगतो. माझा अजून उपास सुटायचाय."

कुंडलिकनं आडवळण घेतलं नाही. "अंकित, माझ्या दारातला क्यामेरा कोनाला दिसतो?"

"तुम्हाला, काका."

"आनखी?"

अंकितनं खिशातून फोन काढला, दोनदा बोट फिरवलं आणि अगदी निर्मळ चेहऱ्यानं काउंटरवर ठेवला. पडद्यावर लहानलहान चौकोन होते. कुणाची पडवी, कुणाचं गोठ्याचं दार, कुणाचा जिना. एका चौकोनात प्रयागबाई ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मध्येच तिनं पदरानं नाक पुसलं.

कुंडलिक पडद्यावर वाकला. "ह्ये तुज्याकडं कसं?"

"सगळ्यांचंच माझ्याकडं आहे. त्र्याण्णव घरं. लोकांना पासवर्ड राहत नाहीत लक्षात, रात्रीबेरात्री फोन करतात. म्हणून बसवतानाच माझा नंबर घालून टाकतो. बसवताना ज्याचा नंबर घातला, त्याच्याच हातात राहतं ते, काका. कुठलीही वस्तू घ्या, असंच असतं." त्याचा आवाज खाली आला. "मी बघत नाही हो. आईशप्पथ. वेळ कुठाय?"

"आमच्या घरी नाही हां," सुभाषचंद मध्येच म्हणाला. "साध्वीजी गोचरीला, म्हणजे भिक्षा घ्यायला, यायच्या होत्या, तेव्हा यानं बसवलेला मी काढायला लावला. साध्वींचा फोटो निघायला नको. नंतर परत लावलाच नाही. झोप बरी लागते."

कुंडलिक मनात हिशेब करत होता. पोरगा लबाड की बावळट? लबाड असता तर फोन असा उघडा ठेवला नसता. आणि तेवढ्यात त्याचं त्यालाच आठवलं. चौदा मेला वळवाची वीज कडाडली, घरातला राउटर जळाला, आणि नवीन यायला एक जून उजाडला. तितके दिवस कॅमेरा आंधळाच होता. यादीतल्या पाचांपैकी चार नोंदी त्याच दिवसांतल्या. कॅमेरा सुटला, अंकित सुटला.

तो चप्पल घालून निघाला तेव्हा अंकित पायरीपर्यंत आला. "काका, एक विचारू? राग नका मानू. तेजूताईच्या नवऱ्याशी तुमचं जमलं का परत?"

"का?"

"नाही, परवा काकू आल्या होत्या. शेजारच्या कुरिअरवाल्याकडं. चाकणला डबा पाठवला त्यांनी. पत्ता मीच लिहून दिला."

४

"व्हय, धाडला," प्रयागबाई म्हणाली. "तेहतीस अनारसं. धोंड्याचा म्हैना हाय. जावयाला वान द्यायचं नाय तर काय करायचं?"

ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती आणि वळत नव्हती. तेजस्विनी भिंतीला टेकून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग यायलाही अंगात थोडा जोर लागतो.

"ज्यानं पोरीचं मनगट मोडलं त्येला अनारसं?" कुंडलिकचा आवाज चढला.

"कागद झाल्याबिगर जावई जावईच. उद्या पोरीला परत नांदायला जायचं झालं तर वान चुकवलं म्हनून बोल नगं. तीन वर्सांनी म्हैना येतो." आता ती वळली. डोळे भरले होते. "आन् मान द्यायला शिकवलं कोनी? तुमीच का न्हाई? त्यो भितीवरचा फोटू बघा. गाडी तुमची, पैका तुमचा, आन् तुमी मागं, त्ये म्होरं. नारळ त्येंच्या हातनं, किल्ली त्येंच्या हातात."

कुंडलिकनं फोटोकडं पाहिलं नाही. "फोन करतो का त्यो तुला?"

"करत्यात. बरी हाय का, येवढंच इचारत्यात. मी बरी हाय म्हनते."

"वकीलबाईंचं सांगितलंस?"

"वकीलबाई?" प्रयागबाईनं लेकीकडं पाहिलं. "ही तर जुन्नरला कसल्या क्लासला जाती म्हनली."

तेजस्विनीनं मान खाली घातली. बाप तिच्या बाजूचा होता, आईला मात्र दोघांनी वाऱ्यावर सोडलं होतं, हे त्या एका वाक्यात तिघांनाही कळलं. आणि जिला वकीलबाईच ठाऊक नाहीत, ती त्यांच्या ऑफिसातल्या वेळा कुठून सांगणार? प्रयागबाईही सुटली. बाकी कुणी उरलंच नाही.

"मला काय ठावं असतंय का?" प्रयागबाई डोळे पुसत म्हणाली. "त्येंनाच समदं म्हाईत असतं. त्या सनवारी तुमी दहाव्याला गेलता, ही यष्टीनं कुठं गेलती, मी यकलीच व्हते. तवा फोन आला. मामी, तेजू आज पिंपरी पेंढारला कशापायी गेलीया? म्या म्हनलं, मला नाय ठावं बाबा."

तेजस्विनीनं मान वर केली. "मी पिंपरी पेंढारला गेलेच नाही. तेच सांगत होते मी. ते एकच खोटं आहे."

कुंडलिकनं खिशातली यादी काढली. मग म्हणाला, "दहावा पिंपरी पेंढारलाच व्हता."

५

त्यानं यादी जमिनीवर पसरली. बोलताना तो नोकरीतल्यासारखा सावकाश बोलत होता.

"तेवीस तारीख. त्या दिवशी तू यष्टीनं गेलीस. फोन तुज्या पर्समदी. ह्येनं तुजा फोन धरला असता तर तू जिथं गेलीस तिथलं नाव हितं आलं असतं. आलं न्हाई. तुज्यामागं मानूस असता तरी तेच आलं असतं. आलं न्हाई. आलं ते मी जिथं गेलो तिथलं. दहाव्याला बसलो, पिंडाला कावळा शिवायला उशीर झाला, बाराच्या पुढं निघालो. बरोबर बारा पन्नास." त्यानं दम घेतला. "ह्यो तुला बघतच न्हाई. ह्यो गाडीला बघतोय."

"पण गाडीत काही नाही म्हणालात."

"परकं काही न्हाई म्हनालो."

अठरा तारखेची ओळ त्यानं पुन्हा वाचली. एसी चालू. काचेला नाक लावणारा माणूस कशाला हवा होता? एसी चालू आहे हे सगळ्यात आधी कुणाला कळतं? एसीला. ते कळवणारा आवाज त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकला होता, आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं घरचा म्हणून खोडला होता.

मग तो उठला आणि भिंतीवरचा फोटो खुंटीवरून काढला.

अडीच वर्षांपूर्वीचा दसरा. निवृत्तीच्या पैशातून घेतलेली गाडी, बॉनेटवर झेंडूचा हार. पुढं ऋषी, एका हातात पुठ्ठ्याची मोठी किल्ली. मागं कुंडलिक, टोपी सारखी करत. फोटो रोज डोळ्यांसमोर होता. पण ऋषीच्या दुसऱ्या हातात त्याचा फोन आहे आणि शोरूमचा पोरगा वाकून त्याच्या पडद्यावर काहीतरी दाखवतोय, हे कुंडलिकनं आज पहिल्यांदा पाहिलं.

आणि मग सगळं आठवलं, शब्दासकट. पोरगा म्हणाला होता, काका, ॲपसाठी मालकाचा मोबाईल नंबर सांगा. कुंडलिककडं तेव्हा बटणाचा फोन होता. आणि तसा नसता तरी त्यानं हेच केलं असतं. चार पाहुण्यांसमोर, छाती फुगवून, तो म्हणाला होता: जावयांचाच घाला. मान त्यांचा.

बसवताना ज्याचा नंबर घातला, त्याच्याच हातात राहतं ते, काका.

"कोन सांगतंय ते हुडकतो म्हनलो व्हतो ना?" कुंडलिक म्हणाला. फोटो त्याच्या मांडीवर होता. "सापडला."

तेजस्विनी उठून बापाशेजारी येऊन बसली, आणि तेच त्याला जास्त लागलं. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

६

सापडलं म्हणजे संपलं, असं त्याला नोकरीत वाटायचं. स्टार्टर सापडला की त्याला एक बारीकसा कंडेन्सर लावून दिला, की आवाज बंद. शुक्रवारी सकाळी त्यानं कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. बोलणारी पोरगी गोड होती.

"सर, आपण गाडीचे मालक आहात, ते मला दिसतंय. पण ॲपमध्ये मुख्य वापरकर्ता दुसरे आहेत. त्यांना काढायचं असेल तर त्यांच्या नंबरवर ओटीपी जाईल. तो आपण मला सांगायचा."

"बाई, त्येलाच तर काढायचाय. त्यो कशाला सांगंल?"

"सर, प्रक्रिया तशीच आहे. मी रिक्वेस्ट टाकू का?"

"नको, थांबा," तेजस्विनी शेजारून म्हणाली.

"टाकली आहे सर," पोरगी म्हणाली. "कृपया ओटीपी सांगा."

कुंडलिकनं फोन ठेवला. पाच मिनिटं झाली नसतील. फोन वाजला. ऋषी.

"नमस्कार मामा. ओटीपी आलाय. सांगू का?"

कुंडलिकनं तेजस्विनीकडं पाहिलं.

"पहिले तीन आकडे सांगतो. आठ, दोन, पाच. उरलेले तेजूला विचारायला सांगा." तो हसला. हसणं सुद्धा अदबीचं होतं. "आणि मामा, मामींना सांगा, अनारसे छान झाले होते. गाडीचं मात्र काही काढूबिढू नका. तुम्हाला येतं ते, माहीत आहे मला. पण गाडी दिसायची बंद झाली की मला काळजी लागते. मग मला स्वतः यावं लागतं."

दुपारी ते एसटीनं जुन्नरला वकीलबाईंकडं गेले. मोहिनी वकीलबाईंनी सगळं शांतपणे लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं.

"तक्रार देऊ. पण पहिला प्रश्न काय येईल सांगते. गाडी कुणाची? तुमची. नंबर कुणी दिला? तुम्ही. तो म्हणेल, मी आजही नवरा आहे, घरच्या गाडीची काळजी करतो. अर्ज टाकू, कोर्टाला सुट्टी आहे, सुट्टीनंतर तारीख मिळेल. कंपनीला नोटीस काढू, तेही दीड-दोन महिने धरा."

"आन् अडीच वर्सांत जे गेलं ते? ते परत घेता येतं का?"

"कुठून परत घेणार?" मोहिनीबाई म्हणाल्या. "ते कंपनीकडं आहे, त्याच्याकडं आहे, त्यानं आणखी कुठं ठेवलं असेल तर तिथं आहे."

एकतीस वर्षांत कुंडलिकवर कुठल्याही दारातून हात हलवत परत यायची वेळ आली नव्हती. यंत्र सापडलं होतं, माणूस सापडला होता, तार कुठली तोडायची हेही त्याला दिसत होतं. आणि ती तोडली तर तो माणूस दारात येणार होता.

"त्याला एक जागा अजून माहीत नाही," तेजस्विनी परतीच्या एसटीत म्हणाली. "मी तेवीस तारखेला गेले होते ती. गाडी तुम्ही दहाव्याला नेलीत म्हणून वाचले, आबा."

"कुठं गेलतीस?"

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. गाडी नारायणगावच्या स्टँडात शिरेपर्यंत ती तशीच बघत राहिली. उत्तर आलं नाही, आणि ते का आलं नाही हे कळायला कुंडलिकला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यानं तो प्रश्न पुन्हा काढला नाही.

७

तेरा जूनला सकाळी ती निघाली. एक पिशवी, एक बॅग. फोन बंद करून आईच्या पेटीत कपड्यांखाली ठेवला होता.

"फाट्यापर्यंत येतो," कुंडलिक म्हणाला.

"नको. कुठल्या बाजूची एसटी धरते ते दिसेल तुम्हाला."

"पत्र तरी टाकशील?"

"पत्रावर शिक्का असतो, आबा."

हे खरं तर त्यालाच सुचायला हवं होतं. "मग?"

"ऑगस्टच्या तारखेला कोर्टात भेटू." ती वाकून पाया पडली. कोर्टातून ऋषी तिच्या मागं येऊ शकतो, हे तिलाही ठाऊक होतं आणि कुंडलिकलाही. प्रयागबाईनं लेकीच्या पिशवीत अनारशांचा डबा कोंबला, तो तिनं घेतला. आईला तिनं धरून ठेवलं, खूप वेळ, प्लास्टर निघालेल्या हातानं सुद्धा.

ती गेल्यावर कुंडलिक तिची खोली आवरायला गेला. उशीखाली एक पुस्तक होतं. पुस्तकात खुणेला घातलेलं एसटीचं तिकीट. तेवीस मेचंच असणार. मशीनचं तिकीट, त्यावर कुठून कुठं ते स्वच्छ छापलेलं असतं. इतकी वर्षं जो अँटेना फिरवत गावोगाव हिंडला, त्याच्या हातात लेकीचा ठावठिकाणा आयता आला होता.

चष्मा खिशात होता. त्यानं तो काढला नाही. त्याला स्वतःचा भरवसा वाटत नव्हता. ऋषी एखाद्या दिवशी नमस्कार मामा म्हणून पायाशी बसेल, रडेल, चार पाहुणे मध्ये घालेल, आणि ज्या तोंडातून एकदा मान त्यांचा निघालं त्याच तोंडातून गावाचं नावही निघून जाईल. जे माहीतच नाही, ते तोंडातून निघत नाही. तो डोळे बारीक न करता, अक्षरं पुसटच ठेवून स्वयंपाकघरात गेला आणि तिकीट चुलीत घातलं.

"काय जाळलं?" प्रयागबाईनं विचारलं.

"कचरा."

सोमवारी, पंधरा तारखेला, त्यानं गाडी बाहेर काढली. धोंड्याचा महिना त्याच दिवशी संपत होता. आधी वकीलबाईंच्या दारात जाऊन थांबला. मग समुपदेशन केंद्रासमोर चिंचेखाली गाडी उभी केली, काचा वर केल्या, एसी चालू ठेवला आणि घड्याळाकडं बघत बसला. बायामाणसं आत जात-येत होती. एकीनं ह्या म्हाताऱ्याकडं संशयानं पाहिलं. तेजस्विनी अजून इथंच येते असं समजून ऋषी फसेल, असं त्याला फारसं वाटत नव्हतं. पण करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं, आणि रिकाम्या हातानं घरात बसवत नव्हतं. सत्तेचाळीस मिनिटं झाल्यावर त्यानं गाडी वळवली.

रोज तेच. कधी जुन्नर, कधी नारायणगावचा दवाखाना, शेजारची सीट रिकामी. डॅशबोर्डच्या आतून गाडी मधूनमधून बोलत असणार, हे आता त्याला रिसीव्हर न लावताही कळायचं.

गुरुवारी संध्याकाळी तो अंगणात गाडी लावत होता, तेव्हा फोन वाजला.

"मामा, नमस्कार. आज पण सत्तेचाळीस मिनिटं?" आवाजात हसू होतं की नव्हतं, हे कुंडलिकला ओळखता येईना. तो फसला होता, की खेळवत होता, की आत्ताच दुसऱ्या कुठल्या फाटकाशी उभा राहून बोलत होता? पलीकडून कसलाच आवाज येत नव्हता. "तेजू बरी आहे ना?"

कुंडलिकनं स्टिअरिंगवरचा हात काढला. ओट्यावर प्रयागबाई त्याच्याकडं बघत उभी होती.

"बरी हाय," तो म्हणाला.

ती बरी आहे की नाही, हे त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं.